पोट आणि चोच : घरच्या लाटे कॉफीसाठी पिचर निवडताना

दूध वाफेने फेसाळण्याच्या भांड्याला कॉफीवाले पिचर म्हणतात. भांड्यांच्या दुकानात 'चोचीचा दुधाचा जग' असे मागितले तर तेच हातात मिळते. या भांड्याला दोन कामे करायची असतात. थंड दूध त्यात असताना कॉफीयंत्राच्या वाफेच्या नळीने त्यात हवा मिसळायची आणि ते तापवायचे, हे पहिले. मग तेच दूध एस्प्रेसोवर अशा धारेने सोडायचे, की पांढऱ्या फेसाचे हृदय, पान किंवा ट्यूलिप वर उमटावे, हे दुसरे. पहिल्या कामाला चांगले पोट लागते, दुसऱ्याला चांगली चोच. दोन्ही एकाच भांड्यात हवीत, म्हणून निवड अवघड जाते.

भांड्याचा आकार त्याच्या कामातून येतो, हे धाराशिव जिल्ह्यात वेगळे सांगावे लागत नाही. भूम, वाशी, कळंब भागातल्या खवाभट्टीवरची कढई पसरट आणि तोंडाने मोठी असते, कारण दुधातले पाणी लवकर उडून जायला हवे असते. धार काढायची चरवी पोटाला फुगीर व गळ्याला आवळ असते. जोराच्या धारेने उठलेला फेस बाहेर येऊ नये, ही तिची गरज. तान्ह्या बाळाला दूध पाजायच्या बोंडल्याला लांबट चोच असते, कारण दूध थोडे थोडे आणि नेमके ओठांत जायला हवे. पिचर म्हणजे चरवीचे पोट आणि बोंडल्याची चोच एका भांड्यात.

दुधाची ही नक्षी जगाला परिचित झाली ती सिएटल शहरातून. तिथल्या एस्प्रेसो विवाचे या कॉफीगृहाचे डेव्हिड शोमर यांनी १९८९ च्या सुमारास हृदयाचा आकार रूढ केला आणि १९९२ मध्ये पानाचा, म्हणजे रोझेटाचा. पानाची कल्पना त्यांना इटलीतल्या एका कॅफेच्या छायाचित्रावरून सुचली होती. इटलीत लुइजी लुपी याच वाटेवर होते. २००५ पासून या कलेची जागतिक स्पर्धा भरते. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बुडबुडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतका बारीक, ओल्या रंगासारखा चकाकणारा फेस जमला, तरच त्याची रेघ कॉफीवर टिकते. असा फेस तयार करणे आणि तो न मोडता कपापर्यंत नेणे, या दोन्हींत भांड्याचा वाटा किती, यावर दोन पक्ष पडतात. एकाला तांब्याचा पक्ष म्हणू, दुसऱ्याला पिचरचा.

तांब्याच्या पक्षाचे म्हणणे सरळ आहे. "घरात तांब्या आहे, गडू आहे, फुलपात्र आहे. चहाच्या गाड्यावर ज्या जगातून एका धारेत दहा कप भरले जातात, तसा जगही फळीवर असतो. कॉफी महिन्यातून चारदा होणार. त्यासाठी फक्त एकाच कामाला येणारे भांडे तुम्ही का घ्यायला लावता?"

पिचरचा पक्ष उत्तर देतो, "दूध तापवून ओतायचे एवढेच असते, तर तुमच्या तांब्याला आमचा आक्षेप नव्हता. तुमच्या तांब्याचा काठ एकदा बोटाने चाचपून पाहा. तो बाहेर वळवलेला, गोल आहे. पत्र्याच्या भांड्याला बळकटी यावी आणि हाताला कापू नये म्हणून तो तसा करतात. दूध जोरात ओतले तर ते त्या गोल काठावरून सुटते. हळू ओतले की काठाला चिकटून मागे वळते आणि भांड्याच्या अंगावरून खाली ओघळते. नक्षीची धार नेमकी हळू असते."

हा आक्षेप योग्य आहे आणि तो प्रत्येक घरात पडताळून पाहता येतो. द्रव काठापासून सुटावा यासाठी काठ पातळ आणि त्याचे वळण तीव्र असावे लागते. गोलसर काठाला तो चिकटून राहतो. पिचरची चोच पुढे झुकलेली आणि कडेला धारदार का असते, त्याचे कारण हेच. चोचीचे दुसरे काम धारेला एका रेषेत बांधून ठेवण्याचे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातून पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी वाटेल तसे फुटत नाही, बांधकाम करणाऱ्यांनी ठेवलेल्या वाटेने ते ठरलेल्या जागी पडते. पिचरच्या चोचीतली आतली पन्हळ दुधाला तशीच वाट देते. पन्हळ पिचरच्या पोटापासून वरपर्यंत हळूहळू अरुंद होत गेलेली असेल, तर दूध मध्यावर गोळा होऊन बाहेर पडते. काठालाच चिमटा काढून केलेली आखूड चोच असेल, तर दूध आयत्या वेळी दोन्ही बाजूंनी धावत येते आणि धार हलते.

तांब्याचा पक्ष इथे माघार घेत नाही. "चहाच्या गाड्यावरच्या जगाला चोच असते. त्यातून हातभर उंचीवरून धार सोडतात आणि एक थेंब बशीत पडत नाही. ते कौशल्य तुमच्या पिचरवाल्यांपेक्षा कमी आहे का?"

"कमी मुळीच नाही," पिचरचा पक्ष म्हणतो, "पण ते वेगळ्या कामाचे आहे. उंचावरून पडलेले दूध कॉफीच्या पृष्ठभागाखाली बुडते. आम्हीही सुरुवातीला तीन-चार बोटे उंचीवरूनच ओततो, म्हणजे दूध आणि कॉफी आतून मिसळतात आणि वरचा तपकिरी थर शाबूत राहतो. कप अर्ध्याच्या वर भरला की मात्र चोच कॉफीला टेकेल इतकी खाली आणावी लागते. तेव्हाच फेस बुडायचा थांबतो आणि वर पसरतो. तुमचा जग एक लिटरचा. त्याचे पोट कपाच्या काठाला अडते आणि चोच खाली पोहोचत नाही."

म्हणजे चोचीचा प्रश्न शेवटी मापाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. पिचर घेताना लोक आधी चोच पाहतात, रंग पाहतात, कधी कोरलेले नाव पाहतात. आधी माप पाहिले पाहिजे.

बाजारात साधारण तीन मापे मिळतात : ३५० मि.लि., ६०० मि.लि. आणि लिटरच्या आसपासचे. हे आकडे भांडे काठोकाठ भरल्याचे आहेत. वाफाळताना दूध फुगते, भोवऱ्यात फिरते आणि कडेने वर चढते, म्हणून भांडे तिसऱ्या हिश्शापासून फार तर अर्ध्यापर्यंत भरायचे असते. बाहेरून पाहिल्यास चोचीची पन्हळ जिथे सुरू होते, त्याच्या थोडे खाली दूध असावे, ही सोपी खूण. कपाकडून हिशोब मांडला तर निर्णय आपोआप होतो. २०० मि.लि. च्या रुंद कपात एस्प्रेसो ३० ते ३५ मि.लि. जाते आणि फेसाळ दूध सुमारे १६०. फेसाने आकारमान चौथ्या हिश्शाने वाढते असे धरले, तर सुरुवातीला १३० ते १५० मि.लि. थंड दूध घ्यावे लागते. त्याला ३५०चे पिचर बरोबर बसते.

तांब्याचा पक्ष विचारतो, "मग ६००चे का घेऊ नये? मोठ्या भांड्यात थोडे दूध घेता येते. लहान भांड्यात जास्त घेता येत नाही. पाहुणे आले तर?"

घरात भांडे घेताना हा विचार नेहमी होतो आणि पातेल्याच्या बाबतीत तो योग्यच असतो. पिचरच्या बाबतीत मात्र तो फसतो, कारण वाफेच्या नळीला दुधाची खोली लागते. ६०० मि.लि. च्या पिचरचा तळ सुमारे ९ सें.मी. रुंद धरला, तर १५० मि.लि. दूध त्यात जेमतेम अडीच सें.मी. उंच उभे राहते. ३५०च्या पिचरचा तळ सुमारे ७ सें.मी. असतो, तेवढेच दूध त्यात पावणेचार-चार सें.मी. चढते. नळीचे टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवायचे असते. खाली अडीच सें.मी. दूध असेल, तर वाफ तळावर आदळून उसळते, मोठे बुडबुडे घेऊन वर येते आणि भोवरा बसतच नाही. शिवाय थोडे दूध भराभर तापते, त्यामुळे आत घेतलेली हवा बारीक करायला वेळ उरत नाही. घरगुती यंत्रांची वाफ दुकानातल्या यंत्रांच्या मानाने मंद असते, तिला तर लहान भांड्याचीच साथ हवी. या मुद्द्यावर पिचरच्या पक्षाची बाजू निर्विवाद आहे. एकट्यादुकट्याच्या कपासाठी ३५०, दोन कप एकदम करायचे तर ६००, आणि लिटरचे माप घरासाठी नाही. पाहुणे आले तर दूध दोनदा वाफाळावे. फेस उभा राहिला की काही सेकंदांत थर धरू लागतो, वर जाड आणि खाली पातळ. म्हणून चार कपांचे दूध एकदम तयार केले, तरी शेवटच्या कपाला ते चांगले मिळत नाही.

आता तांब्याचा पक्ष आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढतो. "तुमची सगळी गणिते पिशवीतल्या पातळ दुधाची आहेत. इथे रतीब म्हशीच्या दुधाचा असतो. पाच लिटरांत जवळपास किलोभर खवा पडतो, असे ते दूध. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या मुलखाच्या दुधामुळेच. त्याला तुमचे परदेशी पिचर काय करणार?"

हा प्रश्न टाळून पिचर निवडता येत नाही. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठपर्यंत. प्रथिनेही म्हशीच्या दुधात जास्त, चार टक्क्यांच्या पुढे. फेसाची भिंत उभारतात ती प्रथिने. हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पापुद्रा बसतो. स्निग्धांश त्या पापुद्र्यात घुसतो, तेव्हा तो कमजोर होतो. पण जो फेस टिकतो त्याला गोडवा आणि जडपणाही तोच देतो. म्हणून म्हशीच्या दुधाचा फेस कमी फुगतो आणि अधिक दाट बसतो. दाट फेस बारीक, टोकदार चोचीतून सुटताना अडतो आणि मग एकदम गोळ्याने पडतो. त्याला जरा रुंद, गोलसर चोच सोयीची पडते. पिशवीतले टोन्ड दूध (त्यात स्निग्धांश ३ टक्के असतो) पातळ फेस देते, तो अरुंद चोचीतून रेघेसारखा येतो.

म्हशीच्या दुधाचा एक गुण इथे हमखास कामी येतो. गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळपास नसते, त्यामुळे ते स्वच्छ पांढरे दिसते. तपकिरी कॉफीवर त्याचे पान जितके उठून दिसते, तितके गाईच्या दुधाचे दिसत नाही.

"पण रतीबाचे दूध तुम्ही तसेच पिचरमध्ये ओतता का?" हा प्रश्न आता पिचरच्या पक्षाचा असतो. "वाफेने दूध ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि लगेच कपात पडते. दुधातले रोगजंतू मरायला ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद लागतात. कच्चे दूध नुसते वाफाळून पिणे धोक्याचे आहे."

"घरात दूध आले की आधी उकळते," तांब्याचा पक्ष म्हणतो. "ते कोणी शिकवावे लागत नाही. उकळले, निवले, साय काढली, विरजणाच्या भांड्यात गेली. उरलेल्या दुधाची कॉफी करायची. त्यात काय बिघडते?"

काहीच बिघडत नाही. उलट साय काढल्याने काम सोपे होते. उकळून निववलेल्या म्हशीच्या दुधावरची जाड साय उचलली, की स्निग्धांशाचा मोठा भाग तिच्याबरोबर निघून जातो आणि खालचे दूध फेसासाठी अधिक वळणावर येते. तुपाची सोय आणि लाटे कॉफीची सोय एकाच कृतीत होते. उकळण्याने फेस मरत नाही, दुधाला शिजल्याची किंचित चव मात्र येते. फेस मोडतात ते सायीचे उरलेले बारीक तुकडे. म्हणून दूध पिचरमध्ये ओतताना बारीक गाळणीतून गाळून घ्यावे. दूध शिळे असेल किंवा त्याला खवट वास येऊ लागला असेल, तर ते बाजूला ठेवावे. स्निग्धांश फुटून तयार झालेली आम्ले फेसाची वैरीच असतात आणि अशा दुधाला कोणतेही पिचर सावरू शकत नाही. गाळलेले दूध शीतकपाटात चांगले गार करून मगच वाफाळावे. पिशवीतले पाश्चराइज्ड दूध असेल, तर न उकळता थेट वापरता येते, कारण ते काम डेअरीत झालेले असते.

एक गैरसमज दोन्ही पक्षांत सारखाच पसरलेला आहे, तो म्हणजे पिचर बर्फासारखे गार असले पाहिजे. उन्हाळ्यात या जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा सल्ला पटतोही. गणित वेगळे सांगते. २०० ग्रॅम वजनाचे पोलादी पिचर ४० अंशांवरून ४ अंशांवर आणायला सुमारे ३,६०० ज्यूल उष्णता काढावी लागते. २०० ग्रॅम दूध ४ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ४४,००० ज्यूल लागतात. म्हणजे पिचर गार केल्याने जो वेळ मिळतो, तो एकूण वेळेच्या बाराव्या हिश्शाच्या आसपास. खरा वेळ दुधाच्या गारव्यातून मिळतो. पिचर शीतकपाटात ठेवायला जागा नसेल, तर गार पाण्याने विसळले तरी पुरते. दूध मात्र पार गार हवे. याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. एवढी उष्णता देताना सुमारे २० ग्रॅम वाफेचे पाणी होऊन दुधात मिसळते, दुधाच्या दहाव्या हिश्शाइतके. म्हशीच्या दाट दुधाला ते पाणी पेलते, टोन्ड दुधाला कमी. नळीत आधीच साचलेले पाणी त्यात भर घालू नये म्हणून वाफ एकदा बाहेर फडक्यात सोडून घ्यावी.

धातूच्या बाबतीत वाद फारसा नाही. काच वाफेच्या माऱ्याने तडकू शकते आणि तापली तरी तिचा चटका हाताला उशिरा कळतो. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. ॲल्युमिनियमचा जग हलका आणि स्वस्त असतो, पण पातळ पत्र्याला पोचे पडतात आणि चोचीला एक पोचा पडला की धार कायमची वाकडी होते. स्टेनलेस स्टीलच योग्य. त्यातही दुहेरी भिंतीचे पिचर घेऊ नये. दूध किती तापले हे कळायला तळहातासारखे साधन नाही; एक हात मुठीवर, दुसरा पिचरच्या पोटाशी. भांडे हाताला सोसेनासे झाले, की दूध ५५ ते ६० अंशांच्या घरात आलेले असते आणि वाफ बंद करायची वेळ झालेली असते. दुहेरी भिंत ही खबर हातापर्यंत येऊ देत नाही. ७० अंशांच्या पुढे दुधाचा गोडवा झाकला जाऊन उकळल्याची चव वर येते आणि फेसही कोरडा पडतो.

"मग दुकानात पारख कशी करायची?" तांब्याचा पक्ष विचारतो. "वाजवून पाहायचे का?"

भांडे वाजवून पाहण्याची गोष्ट या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्के भाजले आहे आणि कोण कच्चे, याची परीक्षा घेतल्याची कथा सांगितली जाते. मातीच्या भांड्याला ही कसोटी लागू पडते, कारण भाजणीतला दोष आवाजात उतरतो. स्टीलचा दर्जा आवाजातून कळत नाही. लोहचुंबकही अर्धेच सांगतो. चुंबक घट्ट चिकटला तर त्या स्टीलमध्ये निकेल नसल्यातच जमा आहे, असे समजावे. चिकटला नाही तर ते ३०४ दर्जाचे, म्हणजे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले असेलच असे नाही. २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. म्हणून तळावरचा ३०४ किंवा १८/८ हा शिक्का पाहावा. जाडी दुकानदाराला गेजमध्ये विचारावी. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मि.मी. आणि २० गेज म्हणजे सुमारे ०.९. या दोहोंच्या दरम्यानचे पिचर हातात स्थिर वाटते आणि सहज चेपत नाही.

सर्वांत भरवशाची परीक्षा पाण्याची. दुकानात पिचर अर्धे पाण्याने भरून मागावे आणि दुसऱ्या भांड्यात अगदी हळू ओतून पाहावे. धार मध्यातून सुटते का, मनगट थांबवले की ती स्वच्छ तुटते की थेंब चोचीखालून पोटावर ओघळतो, हे दोन क्षणांत कळते. डोळ्यांसमोर धरून चोच मुठीच्या नेमकी समोर बसली आहे का, हेही पाहावे. ती जराशी तिरपी असेल, तर प्रत्येक पान एका बाजूला कलते आणि शिकणाऱ्याला दोष आपल्या हाताचा वाटत राहतो. बोट आत घालून तळाचा कोपरा चाचपावा. तो गोलाईने वर चढलेला असेल, तर भोवरा सहज फिरतो आणि दूध धुतानाही निघते.

चोचीच्या प्रकारांवर जितकी चर्चा होते, तितकी नवशिक्याला गरज नसते. गोल चोच हृदय आणि ट्यूलिपला चांगली, कारण फेस रुंद पसरतो. टोकदार, लांब चोच पानाच्या बारीक रेघांना आणि राजहंसाच्या मानेला चांगली. मध्यम चोचीने दोन्ही जमते. मुठीची पकड चार बोटांनी घट्ट धरायची नसते. अंगठा वर आणि दोन बोटे आत, ताक ओतताना गडू धरतात तशी सैल. मूठ हाताला मोठी किंवा अडचणीची वाटली, तर तेवढ्या एका कारणासाठी दुसरे पिचर पाहावे.

तांब्याच्या पक्षाला एका ठिकाणी पूर्ण न्याय द्यावा लागतो. पुष्कळ घरांत वाफेचे यंत्रच नसते. मोका पॉटमध्ये किंवा दाक्षिणात्य फिल्टरमध्ये कॉफी होते. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या उडपी पद्धतीच्या हॉटेलांमुळे डबरा-पेल्याची फेसाळ कॉफी नळदुर्ग-उमरग्याकडच्या लोकांना नवी नाही. दूध चुलीवर तापवून या भांड्यातून त्या भांड्यात ओतले किंवा रवीने घुसळले, तर फेस येतो, पण तो धारोष्ण दुधावरच्या फेसासारखा, मोठ्या बुडबुड्यांचा आणि क्षणात बसणारा असतो. फ्रेंच प्रेसमध्ये ५५-६० अंशांचे दूध घालून जाळी भराभर वर-खाली केली, तर बराच बारीक फेस जमतो. अशा घरात पिचरचे पोट निरुपयोगी ठरते आणि केवळ चोच लागते. तिथे जाड स्टीलचे पिचर घेणे आवश्यक नाही. धारदार चोचीचे कोणतेही लहान भांडे चालते. पिचरचा पक्ष हे मान्य करतो, एवढीच पुरवणी जोडून, की फेस ओतण्याआधी भांडे ओट्यावर एक-दोनदा आपटून आणि गोल फिरवून घ्यावे, म्हणजे मोठे बुडबुडे फुटतात व दूध एकजीव होते. मोका किंवा फिल्टरच्या कॉफीवर एस्प्रेसोसारखा तपकिरी साईचा थर नसतो, त्यामुळे हृदय उमटले तरी त्याची कड पसरट राहते. ते भांड्यामुळे होत नाही.

कपही याच हिशोबातला. उंच, अरुंद पेल्यात चोच पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. रुंद तोंडाचा, तळाला गोल कप हवा; नसेल तर मोठी वाटीही चालते. चहाच्या लहान कपात नक्षीला जागाच उरत नाही.

सरावाच्या दुधाचा प्रश्न शेवटी उरतो. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या जिल्ह्यात कितीतरी घरांचा रोजचा खर्च दुधाच्या पैशावर चालतो. तिथे शिकण्यासाठी लिटरभर दूध मोरीत ओतणे दोन्ही पक्षांना अमान्य आहे. पिचरमध्ये थंड पाणी घेऊन त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एकच थेंब टाकला, तर वाफेखाली ते दुधासारखेच वागते. नळीचे टोक कुठे धरले की कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, कुठे धरले की भोवरा बसतो, हे त्यावर हवे तितक्या वेळा गिरवता येते. सरावानंतर पिचर आणि नळी दोन्ही स्वच्छ धुऊन घ्यावीत. दुधावरचा सराव मग थोडक्यात आटोपतो. उरलेले वाफाळलेले दूध पुन्हा वाफाळल्यास चांगला फेस देत नाही; ते एक उकळी देऊन चहाला वापरावे.

पिचर वापरल्याबरोबर गार पाण्याने विसळावे. गरम पाणी आधी घातले तर दुधाची प्रथिने भिंतीला चिकटतात. चोचीच्या पन्हळीत आणि तळाच्या कोपऱ्यात पांढरट थर साचतो. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास तो लवकर धरतो. लिंबाच्या रसात किंवा पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून मऊ फडक्याने पुसला की तो निघतो. तारेची घासणी चोचीच्या कडेला लावू नये. त्या कडेवर चरे पडले की दूध पुन्हा काठाला चिकटू लागते आणि चोचीखालून पोटावर ओघळते.